पैजेची राखण कोणी करावी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात घोड्यांच्या शर्यतींवर भाषण व्हावे, याचे कित्येकांना आश्चर्य वाटेल. शर्यत म्हणजे धनिकांचा षोक आणि जुगार म्हणजे गरिबांचा सर्वनाश, एवढे बोलून हा विषय संपवण्याची चळवळीची जुनी रीत आहे. ही रीत चुकीची नाही, पण अपुरी आहे. ‘बंदी नको, नियंत्रण ठेवू’ असे सरकार म्हणू लागले की पुढचे प्रश्न कोणी विचारीत नाही. नियंत्रण कोण ठेवणार? ठेवणाऱ्याचा पगार कोठून येणार? आणि पैजेतून कापला जाणारा वाटा कोणाच्या पदरात पडणार? या प्रश्नांची उत्तरे जगातील एका खेळाच्या इतिहासात फार स्पष्टपणे वाचता येतात. तो खेळ म्हणजे हार्नेस रेसिंग, अर्थात गाडीला जुंपलेल्या घोड्यांची शर्यत.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर स्वार घोड्याच्या पाठीवर असतो आणि घोडा चौखूर धावतो. हार्नेस रेसिंगमध्ये घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी असते, चालक त्या गाडीत बसतो आणि घोड्याने ठरलेल्या चालीनेच धावायचे असते. एक चाल दुडकीची: पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतो, मग दुसरी जोडी. दुसरी चाल रहवालीची: एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलले जातात. चाल मोडून घोडा चौखूर उधळला, तर चालकाने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणले पाहिजे आणि त्यात जाणारी जागा सोसली पाहिजे. म्हणजे नियम येथे खेळाच्या बाहेरून आलेला नाही. तो खेळाच्या व्याख्येतच आहे.

परंतु याच व्याख्येत एक अडचणही आहे. घोड्याला आवरणे हे जर चालकाचे कर्तव्य असेल, तर त्याने घोडा चाल सांभाळण्यासाठी आवरला की हरण्यासाठी आवरला, हे दुरून कसे ओळखायचे? लगाम दोन बोटे जास्त ओढला गेला, एवढ्यावर शर्यतीचा निकाल आणि हजारो लोकांचे पैसे फिरू शकतात. राखणदार प्रामाणिक आणि स्वतंत्र असण्याची गरज या खेळात म्हणूनच अधिक आहे.

शेतकऱ्यांच्या जत्रेतून

हा खेळ मुळात सरदार-दरकदारांचा नव्हता. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ऑरेंज परगण्यात १८४९ साली जन्मलेल्या हॅम्बल्टोनियन नावाच्या घोड्यापासून आजच्या बहुतेक सर्व अमेरिकन जुंपणीच्या घोड्यांची वंशावळ सुरू होते. हे शिंगरू आणि त्याची आई, दोघांना मिळून १२५ डॉलरला विकत घेणारा विल्यम रिस्डिक हा एक शेतमजूर होता. पुढे १८७९ मध्ये पैदासकारांच्या संघटनेने प्रमाण ठरवले: दुडक्या चालीने एक मैल अडीच मिनिटांत कापणारा घोडा नोंदणीस पात्र. त्या प्रमाणावरूनच या जातीला ‘स्टँडर्डब्रेड’ हे नाव मिळाले. आठवडाभर शेतकऱ्याची गाडी ओढणारा घोडा परगण्याच्या वार्षिक जत्रेत शेजाऱ्याच्या घोड्याशी धावे. पैजा तेव्हाही लागत. पण लोक आपल्या गावचा घोडा पाहायला येत आणि पैज हा त्यातला एक भाग असे. पुढे हा क्रम उलटला.

१९३० च्या दशकातील महामंदीने राज्यांच्या तिजोऱ्या कोरड्या पडल्या होत्या. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी राज्यघटनेतील दुरुस्ती मंजूर करून शर्यतीच्या मैदानावर ‘पॅरी-म्युच्युअल’ पद्धतीची पैज कायदेशीर केली. २ सप्टेंबर १९४० रोजी लाँग आयलंडवर रूझवेल्ट रेसवे सुरू झाला. जॉर्ज मॉर्टन लेव्ही या वकिलाने उभारलेल्या या मैदानाचे वैशिष्ट्य असे, की शर्यती रात्री विजेच्या प्रकाशात होत. दिवसभर कारखान्यात किंवा कचेरीत राबलेला माणूस संध्याकाळी तेथे येऊ शकत होता. १९४६ मध्ये तेथे मोटारीवर बसवलेले फिरते फाटक आले. घोडे त्याच्या मागून एका रांगेत धावत येतात, फाटक मिटते आणि मोटार बाजूला होते. पूर्वी सुरुवात पुनःपुन्हा फसत असे आणि प्रेक्षक कंटाळून जात. ती कटकट संपली आणि खेळाचा धंदा फोफावला.

वाट्याचे गणित

पॅरी-म्युच्युअल पद्धत ही फ्रान्सची देणगी आहे. १८६० च्या दशकात जोझेफ ओलेर याने ती रूढ केली. तिच्यात सट्टेवाला भाव ठरवीत नाही. सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, त्यातून आधी एक ठरावीक वाटा कापला जातो आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटले जातात. कापलेल्या वाट्याचे पुन्हा तीन मुख्य भाग होतात: सरकारचा कर, मैदानाचा खर्च व नफा आणि घोडेमालकांची बक्षिसे. कोणता घोडा जिंकतो याच्याशी गल्ला सांभाळणाऱ्याला कर्तव्य नसते. म्हणून ही पद्धत सट्टेवाल्यापेक्षा स्वच्छ, असा तिचा दावा आहे आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे.

तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक बेरीज-वजाबाकी करून पाहावी. समजा, शंभर रुपयांतून वीस रुपये कापले जातात. उरलेले ऐंशी रुपये जिंकणाऱ्यांनी पुढच्या शर्यतीवर लावले, तर त्यातून पुन्हा वीस टक्के जातात. असे पाच वेळा झाले की शंभरातले तेहतीस रुपयेही खेळणाऱ्यांकडे उरत नाहीत. यात कोणी फसवणूक केलेली नसते. व्यक्ती जिंकू शकते. समूह कधीही जिंकत नाही. अमेरिकेत हा वाटा पैजेच्या प्रकारानुसार साधारण पंधरा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे, आणि पैज जितकी गुंतागुंतीची तितका तो बहुधा मोठा. श्रीमंताला यातून करमणूक मिळते, पगारदाराच्या मात्र घरखर्चाला चाट बसते. प्रगतिशील करप्रणालीच्या नेमका विरुद्ध असा हा कर आहे, आणि तो भरणारा माणूस तिकीट-खिडकीसमोर स्वखुशीने रांग लावतो, म्हणून कोणत्याही पक्षाच्या अर्थमंत्र्याला तो प्रिय असतो.

१९५३ चा धडा

अशा वाट्याभोवती कोण गोळा होतात, हे न्यूयॉर्कने १९५३ मध्ये पाहिले. २८ ऑगस्ट १९५३ रोजी थॉमस लुईस या कामगार संघटनेच्या अध्यक्षाचा ब्राँक्समध्ये गोळ्या घालून खून झाला. त्याच्या संघटनेचे सभासद याँकर्स रेसवे या मैदानावर काम करीत होते. खुनाच्या चौकशीतून एकेक धागा निघत गेला. संघटनेच्या नावाखाली मैदानावर चाललेली खंडणी उघडकीस आली, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की राजकीय पक्षांच्या वजनदार पुढाऱ्यांकडे या मैदानांचे भाग असल्याचे दिसून आले. नॅसॉ परगण्याचे रिपब्लिकन नेते रसेल स्प्रेग यांना पक्षाच्या राष्ट्रीय समितीवरील पद सोडावे लागले. राज्य सिनेटमधील बहुमताचे नेते आर्थर विक्स हे खंडणीबद्दल शिक्षा भोगत असलेल्या जो फे या कामगार पुढाऱ्याला सिंगसिंगच्या तुरुंगात जाऊन भेटत होते, हे बाहेर आले. त्यांनाही नेतेपद सोडावे लागले.

या खेळासाठी राज्याने नेमलेले आयोग १९४० पासून अस्तित्वात होते. नियमावली होती, पंच होते, परवाने होते. तरीही ज्यांनी कायदे करायचे, त्यांच्याच कपाटात मैदानांचे भाग होते. मग आयोगाने पाहावे कोणाच्या तोंडाकडे? येथे कामगार चळवळीनेही मान खाली घालावी अशी एक गोष्ट आहे. संघटना हे कामगाराचे शस्त्र. तेच शस्त्र मालकाकडून हप्ता वसूल करण्यासाठी वापरले गेले, तेव्हा त्याची किंमत तबेल्यातल्या मजुराने मोजली.

गव्हर्नर टॉमस ड्यूई यांनी चौकशी आयोग नेमला. जुने आयोग जाऊन त्या जागी एकच आयुक्त आला आणि न्यूयॉर्क शहराचे पोलीस आयुक्त जॉर्ज मोनॅहन यांची त्या पदावर नेमणूक झाली. सार्वजनिक अधिकारी आणि पक्षपदाधिकारी यांना शर्यतीच्या धंद्यात हितसंबंध ठेवण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई झाली. ही सुधारणा खरी होती. परंतु ती व्यक्तींच्या हितसंबंधांपुरती होती. राज्याच्या तिजोरीचाच हितसंबंध पैजेच्या उलाढालीत अडकला होता, त्याला या कायद्याने हात लावला नाही.

सार्वजनिक मालकी पुरेशी आहे का?

येथे कोणी म्हणेल, की मग पैजेचा व्यवहार सरकारनेच ताब्यात घ्यावा. समाजवाद्यांना हे उत्तर जवळचे वाटणे साहजिक आहे. म्हणूनच ते कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. एप्रिल १९७१ मध्ये न्यूयॉर्क शहराने मैदानाबाहेर पैज स्वीकारणारे सार्वजनिक महामंडळ काढले. गल्लीबोळांतील बेकायदा सट्टेवाल्यांचा धंदा मोडावा आणि नफा शहराच्या तिजोरीत यावा, हा हेतू होता. प्रत्यक्षात काय झाले? वशिल्याच्या नेमणुका झाल्या, आणि खर्च निघण्याच्या आधीच उलाढालीतून राज्याला व मैदानांना वाटे देण्याचे बंधन कायद्याने घातले. जुगाराचा मक्ता असूनही महामंडळ तोट्यात गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये बंद पडले. दरम्यान कोपऱ्यावरच्या दुकानात पैज लागू लागल्याने मैदानावरचे प्रेक्षकही ओसरले. रूझवेल्ट रेसवे १९८८ मध्ये बंद झाला. शर्यतीपेक्षा त्या जागेची किंमत मोठी ठरली होती.

स्वीडन आणि फ्रान्स यांचा अनुभव निराळा आहे. फ्रान्समध्ये २ जून १८९१ च्या कायद्याने एक तत्त्व घालून दिले: पैजेचा गल्ला चालवण्याचा अधिकार फक्त अश्वपैदाशीच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या, नफा न वाटणाऱ्या शर्यत-मंडळांना. १९३० मध्ये मैदानाबाहेरच्या पैजांसाठी त्यांची सामाईक यंत्रणा आली. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या मैदानावर १९२० पासून होणारी ‘प्री दामेरिक’ ही दुडक्या चालीची मानाची शर्यत याच व्यवस्थेवर पोसली गेली. स्वीडनमध्ये १९७४ साली शासनाच्या देखरेखीखाली पैजेची कंपनी स्थापन झाली. तिची मालकी खेळाच्या मध्यवर्ती संघटनांकडे आहे. देशभरच्या तीसहून अधिक मैदानांना त्यातून आधार मिळाला. दोन्ही ठिकाणी भाग विकून घबाड कमावण्याची वाट बंद होती. न्यूयॉर्कच्या पुढाऱ्यांना ज्याचा मोह पडला, ती वस्तूच तेथे विकत मिळत नव्हती.

मात्र ही घरेही आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. फ्रान्सने २०१० मध्ये ऑनलाइन पैजेचा बाजार खुला केला. स्वीडनने १ जानेवारी २०१९ पासून परवाना पद्धत आणली, आणि घोड्यांची पैज चालवणारी तीच कंपनी स्पर्धेसाठी कॅसिनोच्या खेळांतही उतरली. न्यूझीलंडमध्ये मैदानाबाहेरच्या पैजेची सार्वजनिक यंत्रणा १९५१ पासून होती. २०२३ मध्ये तिचा कारभार पंचवीस वर्षांसाठी एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे सोपवण्यात आला. हार्नेस शर्यतींतील निकाल-निश्चितीच्या आरोपांवरून २०१८ मध्ये तेथे अटका झाल्या होत्या. त्या देशाने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली: शर्यती भरवणाऱ्यांपासून वेगळे असे प्रामाणिकपणा-मंडळ २०२१ पासून कामाला लावले.

दुसऱ्याच्या ताटातला घास

प्रेक्षक ओसरल्यावर उत्तर अमेरिकेत एक नवी युक्ती निघाली. शर्यतीच्या मैदानावर जुगाराची यंत्रे बसवायची आणि त्यांच्या उत्पन्नातून बक्षिसे वाढवायची. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १९९८ पासून अशी योजना चालली. यंत्रांच्या उत्पन्नातला वीस टक्के वाटा मैदाने आणि घोडेमालक यांच्यात निम्मा-निम्मा जाई. ही रक्कम वर्षाला सुमारे ३४.५ कोटी डॉलरपर्यंत पोहोचली. शेकडो शेतकरी कुटुंबांनी कर्जे काढून तबेले बांधले, घोड्या घेतल्या. मार्च २०१२ मध्ये सरकारने योजना संपवण्याची घोषणा केली आणि ३१ मार्च २०१३ रोजी ती संपली. शाळा आणि दवाखाने यांना पैसा अपुरा पडत असताना घोड्यांच्या बक्षिसांना अनुदान कशासाठी, हा सरकारचा प्रश्न गैर नव्हता. परंतु घोडीच्या पोटातले शिंगरू शर्यतीला उतरायला तीन वर्षे लागतात, आणि सरकारने दिली एका वर्षाची मुदत. पैदास कोसळली, काही मैदाने बंद पडली. मग तीन पक्षांच्या तीन माजी मंत्र्यांची समिती नेमून सावरासावर करावी लागली.

फ्लोरिडात याचे दुसरे टोक दिसले. कॅसिनो चालवायचा तर शर्यत भरवलीच पाहिजे, ही अट तेथील राज्याने २०२१ मध्ये हार्नेस शर्यतींपुरती काढून टाकली. पोम्पॅनो पार्क या १९६४ पासूनच्या मैदानावर एप्रिल २०२२ मध्ये शेवटची शर्यत झाली. कॅसिनो राहिला, घोडे गेले. ज्याच्या नावाने परवाना मिळवला, तोच भाडेकरू ठरला आणि घराबाहेर निघाला.

औषध आणि मजूर

बक्षिसे मोठी झाली तशी घोड्याच्या रक्तात काय टोचायचे याची शोधाशोधही वाढली. ९ मार्च २०२० रोजी न्यूयॉर्कच्या संघीय सरकारी वकिलांनी प्रशिक्षक, पशुवैद्य आणि औषधे पुरवणारे अशा सत्तावीस जणांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. त्यांत हार्नेस शर्यतींतील लोकही होते. ही औषधे शर्यतीनंतरच्या तपासणीत सापडू नयेत अशाच बेताने बनवलेली होती. प्रकरण उघडकीस आले ते संघीय पोलिसांनी दूरध्वनीवरचे संभाषण ऐकल्यामुळे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाचा कायदा केला. पण तो फक्त थरोब्रेड घोड्यांना आपोआप लागू झाला. हार्नेस शर्यतींनी आत यावे की नाही, हे त्यांच्या त्यांच्या मर्जीवर सोडले गेले आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने कायद्याला विरोध केला. दोन जातींचे घोडे वेगळे प्रकारे धावतात, हा त्यांचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. परंतु राज्याराज्यांत वेगवेगळे नियम असले म्हणजे, एका राज्यात बंदी आलेला प्रशिक्षक दुसऱ्या राज्यातली फट शोधतो, हे त्याहून खरे आहे.

खेळात स्वतःहून चालणारी नियंत्रणेही असतात, हे मान्य केले पाहिजे. ‘क्लेमिंग’ शर्यतीत प्रत्येक घोड्यावर किंमत लावलेली असते आणि शर्यतीपूर्वी पैसे भरून कोणीही पात्र मालक त्या किमतीला तो उचलू शकतो. चांगला घोडा मुद्दाम कमजोरांत उतरवून सहज बक्षीस मारायचे म्हटले, तर घोडाच गमवावा लागण्याचा धोका. पंच न नेमता प्रामाणिकपणा साधणारी ही हुशार योजना आहे. पण तिचीही दुसरी बाजू आहे: दर महिन्याला हात बदलणाऱ्या घोड्याच्या दुखऱ्या पायाची काळजी कोण घेणार? उद्या तो दुसऱ्याचा होणार आहे.

आणि काळजी खरोखर घेतो तो मोतद्दार. पहाटे तबेल्यात येऊन घोड्याला चारापाणी करणारा, पाय चोळणारा, सामान धुणारा, रात्रीच्या शर्यतीनंतर त्याला थंड करून बांधणारा. उत्तर अमेरिकेतील रूढ पद्धतीप्रमाणे बक्षिसातले पाच टक्के चालकाला आणि पाच टक्के प्रशिक्षकाला मिळतात, बाकी मालकाचे. मोतद्दाराला नियमाने वाटा नाही. तो प्रशिक्षकाचा पगारी माणूस. मालक खूश झाला तर बक्षिशी. घोड्याला काय टोचले जाते हे सर्वांत आधी त्याला दिसते. आणि बोलला तर सर्वांत आधी नोकरी त्याचीच जाते. जे नियमन या माणसाला संरक्षण देत नाही, ते प्रयोगशाळांवर कितीही खर्च करो, आंधळेच राहते.

घरचा संदर्भ

महाराष्ट्रात जुंपणीची शर्यत म्हणजे बैलगाड्याची शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालाने ती थांबवली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. परंपरा की क्रौर्य, एवढ्यावरच येथील वाद फिरत राहिला. परंतु न्यायालयाने शर्यत वैध ठरवली म्हणजे नियमनाचा प्रश्न सुटत नाही, सुरू होतो. कायद्याने या शर्यतीवर पैज लावता येत नाही. मात्र बक्षिसे रोख रकमांवरून ट्रॅक्टर आणि मोटारींपर्यंत गेली आहेत, आणि आयोजकांच्या फलकांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे असतात. परवानगी द्यायची जिल्हाधिकाऱ्यांनी, अटी पाळल्या जातात का हे पाहायचे त्यांच्याच हाताखालच्या यंत्रणेने. ज्याच्या नावाचा करंडक, त्याच्याच इच्छेवर बदली अवलंबून असलेल्या अधिकाऱ्याने चाबूक मोजायचा, ही रचना १९५३ च्या न्यूयॉर्कपेक्षा फार वेगळी नाही.

शर्यतीचे, लॉटरीचे किंवा पैजेचे कोणतेही विधेयक विधिमंडळात आले, की कार्यकर्त्यांनी उद्देश-कारणांचे पान उलटून पुढे जावे आणि तीन कलमे शोधावीत. एक, राखणदाराचा पगार उलाढालीच्या टक्केवारीतून येतो की ठरावीक अनुदानातून? दोन, परवाना देणारे, घेणारे आणि बक्षीस पुरस्कृत करणारे यांच्यात नाते असू नये, असे बंधन आहे का, आणि ते आमदार-मंत्र्यांनाही लागू आहे का? तीन, तबेल्यातल्या किंवा गोठ्यातल्या मजुराने तक्रार केली तर त्याची नोकरी टिकावी अशी तरतूद आहे का? ही कलमे सापडली नाहीत, तर त्या कायद्याचे नाव काहीही असो, त्यात नियमन नाही. मग मतदानाच्या आधी आपल्या प्रतिनिधीला हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि त्याचे उत्तर गावच्या चावडीवर वाचून दाखवावे.